उत्तरं बरोबर, प्रश्न शेजारणीचे

२ सप्टेंबर, सोमवार

चौकटीच्या दोन वह्या आणल्या होत्या गणितासाठी. एकीत गणित होईल तेव्हा होईल. या दुसरीत आज राग लिहून ठेवते, नाहीतर तो घरात कुणाच्या तरी डोक्यावर फुटेल.

आज संध्याकाळच्या वर्गात ड्रॉइंगच्या सरांनी गृहपाठ परत दिला. सगळ्यांचे कागद वाटले, माझा हातात धरून ठेवला. म्हणाले, "या बाईंची पंधराच्या पंधरा उत्तरं बरोबर आहेत. फक्त प्रश्न शेजारणीचे आहेत."

सगळा वर्ग हसला. मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी कागदाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे मुंगीएवढ्या अक्षरात 'ब' छापलं होतं. शेजारी बसणाऱ्या, आमच्याच कारखान्यातल्या पॉलिशवालीच्या कागदावर 'अ'. आकडे वेगळे. मी दुपारच्या सुट्टीत, प्लायवूडच्या थप्पीवर बसून, पंधरा मिनिटांत तिचं सगळं उतरवलं आणि स्वतःचा प्रश्न एकदाही वाचला नाही. डोळे झाकून म्हणतात ते हेच. त्यातही गंमत अशी की पहिल्याच गणितात दोन बिंदूंमधलं अंतर तिचंही दहा आणि माझंही दहा. म्हणजे पंधरांतलं एक उत्तर चुकून माझंच निघालं. सरांनी त्याचा अर्धा मार्क दिलाय. भीक घातल्यासारखा अर्धा मार्क.

पुढच्या सोमवारी यातली कुठलीही सहा गणितं फळ्यावर सोडवून दाखवायची. नाही जमलं तर नाव कमी, आणि कारखान्याच्या मालकीणबाईंना चिठ्ठी.

चौदा वर्षं मी त्या फर्निचरच्या कारखान्यात करवतीवर उभी आहे. फळी नुसती हातात घेतली की ती कुठे फाटणार ते मला कळतं. आता नोव्हेंबरात आकड्यांवर चालणारं कटिंग मशीन येतंय, म्हणून आम्हा तिघांना या वर्गात घातलंय. जो पहिला येईल त्याला मशीन. बाकीच्यांनी पॅकिंगला जाऊन खोक्यांना चिकटपट्टी लावायची. तिसरा, स्प्रेवाला, वर्गात झोपतो. म्हणजे सामना पॉलिशवालीशी. ती चोवीस वर्षांची, बारावी पास. मी एकोणचाळीस वर्षांची, दहावी नापास.

पॉलिशवाली घरी येताना म्हणाली, "ताई, मला ठाऊक असतं तर सांगितलं असतं." खरंच बोलली असेल. म्हणून तिचा जास्त राग आला.

३ सप्टेंबर, मंगळवार

लेकीला विचारलं. ती आठवीत आहे. वरच्या वर्गाचं पुस्तकही हौसेने वाचते. तिने पेन्सिल घेतली, चार रेघा मारल्या आणि म्हणाली, "झालं. सोपंय, आई."

"कसं झालं?"

"असंच. सूत्र आहे ना."

"सूत्र कुठून आलं?"

"आई, सूत्र सूत्र असतं. तू आजोबांना विचार, त्यांनी आयुष्यभर हेच केलंय."

मी तिला म्हटलं, "तुझ्या आजोबांना मी पाणीसुद्धा विचारून देत नाही." बोलायला नको होतं. बाबा आतल्या खोलीत खुर्चीवर बसले होते, दार उघडं होतं.

लिहायलाच बसले आहे तर तेही लिहिते. बाबा जमीन मोजणीच्या खात्यात होते. तीस वर्षं तिपाईवर दुर्बीण लावून दुसऱ्यांच्या शेतांच्या हद्दी काढल्या. मी दहावीत गणितात चार मार्कांनी नापास झाले तेव्हा म्हणाले, "पुरे झालं." एवढंच. दोन शब्द. पुढच्या वर्षी मी शिवणाच्या दुकानात काजं करत होते. धाकटा भाऊ दोनदा नापास झाला. त्याला दोन्ही वेळा शिकवणी लावली. आज तो मोठ्या शहरात मोठ्या हुद्द्यावर आहे. आई गेली तेव्हा त्याच्याकडे बाबांसाठी जागा नव्हती. त्याच्याकडे चार खोल्या आहेत. माझ्याकडे दोन आणि एक गॅलरी. नवरा लांबच्या ट्रकवर, महिन्यातून आठ दिवस घरी. तो म्हणाला, "राहू दे की, तुझेच वडील आहेत." झालं. दोन वर्षं बाबा इथे आहेत. मी त्यांना वेळेवर जेवायला देते, कपडे धुते, आणि कामापुरतं बोलते.

त्यांना गणित विचारण्यापेक्षा खोकी चिकटवीन.

५ सप्टेंबर, गुरुवार

आज वर्गात 'चढ' शिकवला. रेषेचा चढ. माझं लक्ष सगळा वेळ सोमवारकडे. काही डोक्यात शिरलं नाही.

घरी आले तर बाबा गॅलरीच्या दारात. चप्पल काढायच्या आत म्हणाले, "उतरवलंस म्हणे."

लेकीने सांगितलं असणार. त्या दोघांचं हल्ली फार गूळपीठ आहे.

मी म्हटलं, "हो. उतरवलं."

"उतरवणाऱ्याने निदान आपला प्रश्न वाचावा."

"तुम्हाला लाज वाटत असेल तर धाकट्याकडे जा. तिकडे सगळे हुशार आहेत."

मी भाजी चिरायला घेतली, तीही अशी की पाट फुटायचा. अर्ध्या तासाने आतून आवाज आला, "सकाळी सहाला बस. कामावर जायच्या आधी."

मी चिरतच राहिले.

६ सप्टेंबर, शुक्रवार

बसले. अडला हरी. यापेक्षा जास्त काही लिहायची इच्छा नव्हती, पण सकाळपासून जे तळपायातून मस्तकात गेलंय ते उतरतच नाही.

सहाला उठून चहा ठेवला, वही घेतली, त्यांच्या समोर बसले. नीट उजाडलंही नव्हतं. दिवा लावायला उठले तर म्हणाले, "राहू दे, कशाला." मी तरी लावला. वही त्यांच्या पुढ्यात सरकवली. त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तोंड खिडकीकडे.

"वाच."

"पुढ्यात ठेवलीय ना."

"मोठ्याने वाच. अक्षर न् अक्षर."

वाचलं. एक बिंदू वजा तीन, एक. दुसरा पाच, सात. मधलं अंतर काढा. त्यांनी चौकटीवर बिंदू मांडायला सांगितले. मांडले.

"पहिला कुठे आहे?"

"हा, इथे."

"इथे म्हणजे कुठे?"

मी बोट ठेवलं. ते खिडकीकडेच. पुन्हा तेच, "इथे म्हणजे कुठे? इथे असं काही नसतं. कशापासून, कुठल्या अंगाला, किती, ते सांग."

मग मी दात ओठ खात म्हटलं, "आरंभबिंदूपासून डावीकडे तीन घरं, वर एक घर."

"आता दिसला," म्हणाले.

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. खाली वाकून वहीत बघायचे कष्ट नकोत. पोरीच्या वहीत बघण्यासारखं काय असणार, तेव्हाही नव्हतं, आताही नाही. मी पाचातून वजा तीन वजा केले, दोन आले. ते मोठ्याने सांगितलं तर म्हणाले, "तू दारात उभी आहेस. एक माणूस डावीकडे तीन पावलांवर, एक उजवीकडे पाच पावलांवर. दोघांच्या मधे किती पावलं?"

"आठ."

"मग दोन कुठून आणलेस?"

आठ आडवे, सहा उभे. आठाचा वर्ग, सहाचा वर्ग, बेरीज शंभर, अंतर दहा. तोच तो अर्ध्या मार्काचा दहा. आता तो कुठून आला ते कळलं. चोवीस वर्षांपूर्वी कुणी पाच मिनिटं दारात उभं केलं असतं तर तेव्हाही कळलं असतं. हे मी मोठ्याने म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

८ सप्टेंबर, रविवार

सुट्टी, म्हणून सकाळी दोन तास बसलो. त्यांनी ही खोलीच कागद केली. पलंगाचा पायाकडचा कोपरा हा आरंभबिंदू. तिथून भिंतीच्या अंगाने एक अक्ष, दाराच्या अंगाने दुसरा. मी एकेक वस्तू सांगायची, ते तिचे निर्देशक सांगणार. टेबल, चार आणि दोन. खिडकी, चार आणि सहा. न्हाणीघराचं दार, अकरा आणि वजा एक. मी मुद्दाम पावलं टाकून बघितलं. एकही चूक नाही. पाण्याच्या माठापर्यंत साडेसात म्हणाले तर साडेसातच.

मोजणीची खोड. माणूस निवृत्त होतो, खोड होत नाही. दोन वर्षांत मला एकदा "कशी आहेस" विचारलं नाही, पण माठ किती पावलांवर आहे ते पाठ.

मध्यबिंदू आला. चढही आला. चढ म्हणजे पुढे इतकं गेलं तर वर किती चढायचं, एवढंच आहे. सर अर्धा तास बोलून जे सांगत होते ते एका ओळीचं निघालं.

दुपारी मात्र रंगाचा बेरंग. केर काढताना मी स्टूल भिंतीपासून ओढून मधे ठेवलं आणि फोन आला म्हणून तसंच राहिलं. बाबा उठले, सरळ त्याच्यावर आदळले, नडगी सोलवटली. मी धावले तर माझ्यावरच, "वस्तू जिथली तिथे ठेवायला काय जातं तुझं? घर आहे की गोदाम?"

दिवसाढवळ्या, डोळ्यांसमोर एवढं थोरलं स्टूल. स्वतः बघून चालायचं नाही, आणि वर मला गोदाम म्हणायचं. मी म्हटलं, "माझं घर आहे. मला हवं तिथे ठेवीन." स्टूल तिथेच ठेवलं तासभर. नंतर लेकीने गुपचूप भिंतीला लावलं. तिच्याकडे बघितलं तर तिने नजर चुकवली.

९ सप्टेंबर, सोमवार

सहातली पाच बरोबर.

सर खडू घेऊन बाजूला उभे राहिले, मुद्दाम वेडेवाकडे क्रमांक निवडत होते. दुसरं, नववं, चौथं. मी प्रत्येक बिंदू मोठ्याने सांगत गेले. आरंभबिंदूपासून डावीकडे इतकी घरं, खाली इतकी. स्प्रेवालासुद्धा जागा झाला. तेराव्यात अडकले, वजाचं अधिक झालं नाही. सर म्हणाले, "बसा." नंतर दारात थांबवून विचारलं, "कुणी शिकवलं?"

"घरी."

"ज्यांनी शिकवलं त्यांनी फळ्यावर शिकवलेलं नाही." एवढं बोलून गेले. त्यांनाच माहीत काय म्हणायचं होतं.

तीस तारखेला मोठी परीक्षा, पन्नास मार्कांची.

बाबांना सांगितलं, पाच आली. म्हणाले, "सहावं कुठलं? तेरावं? चिन्ह चुकवलं असशील." शाबास म्हणायला कर भरावा लागतो यांना.

१५ सप्टेंबर, रविवार

आठवडाभर रोज सहाला. लिहिण्यासारखं काही नाही. रेषेचं समीकरण चालू आहे. ते खिडकीकडे बघतात, मी वाचते. आता न बघता त्यांना माझी चूक कशी कळते याचा राग येत नाही. आवाज अडखळला की तिथेच थांबवतात.

पण आज दोन गोष्टी झाल्या. खालच्या मजल्यावरची शिलाईवाली जिन्यात म्हणाली, "तुमच्या वडिलांना एवढी घमेंड कसली हो? मी समोरून हसले, हात केला, ओळखसुद्धा दाखवली नाही." माझी मान खाली. म्हटलं, "स्वभाव आहे त्यांचा. आम्हालाही तेच."

वर आले तर बाबा आणि लेक गॅलरीत वर्तमानपत्राच्या आड डोकं घालून कुजबुजत होते. मला बघून गप्प. लेकीने पान उलटलं, बाबांनी खोकल्यासारखं केलं. हे रोज चाललंय, मी कामावरून येते तेव्हा हे दोघं असेच असतात. काय खलबतं चालतात माझ्याविरुद्ध? विचारलं तर लेक म्हणाली, "बातम्यांवर बोलत होतो." आठवीतली पोरगी आणि बातम्या. मी वर्तमानपत्र ओढून घेतलं आणि तिला अभ्यासाला बसवलं. बाबा बराच वेळ मोकळ्या हातांनी बसून राहिले. बसू दे.

धाकट्याचा फोन आला. पाच मिनिटं. बाबांशी तीन, माझ्याशी दोन. "ताई, त्यांच्या पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याचा फॉर्म पाठवलाय, तेवढा सही करून घे." बाबा जिवंत आहेत हे सरकारला कळवायची आठवण त्याला राहते. बाकी कशाची नाही.

२२ सप्टेंबर, रविवार

हात अजून नीट चालत नाही. तरी लिहिते, क्रमाने.

सकाळचा अभ्यास झाला. दोन रेषा कुठे छेदतात ते आज पहिल्यांदा एका दमात काढलं. मन जरा बरं होतं. म्हटलं, तो फॉर्म आजच उरकू. कागद टेबलावर ठेवला, पेन त्यांच्या हातात दिलं.

"इथे सही करा."

"इथे म्हणजे कुठे?"

मी हसले. मला वाटलं, अभ्यासाची सवय. म्हटलं, "बाबा, गणित संपलं. ही चौकट आहे ना, त्यात."

त्यांनी पेन टेकवलं. चौकटीपासून वीतभर वर. छापलेल्या ओळींच्या मधोमध. आणि सही करायला लागले. लफ्फेदार, पूर्वीसारखी, नियमांच्या अक्षरांवरून आडवी.

मी कागद धरला. म्हटलं, "बाबा, हे काय करताय?"

ते थांबले. पेन उचललं नाही. तोंड माझ्या दिशेने, पण माझ्या कानाच्या जरा पलीकडे. किती दिवस ते असे बघतायत? मी हात वर केला, त्यांच्या डोळ्यांपुढून उजवीकडून डावीकडे नेला. पापणी हलली नाही. मधोमध आला तेव्हा थोडी हलली.

"किती दिसतं?"

"पुरेसं दिसतं."

"बाबा, किती दिसतं?"

लेक दारात उभी होती, रडायलाच लागली. "आजोबांनी शपथ घातली होती, आई." वर्तमानपत्र ती वाचून दाखवत होती. रोज. मी यायच्या आत सगळं, म्हणजे मी आल्यावर त्यांना बातम्यांवर बोलता यावं. जानेवारीपासून. म्हणजे आठ नऊ महिने माझ्या घरात, माझ्या पोरीला हाताशी धरून, हे चाललं होतं.

माझं डोकं फिरलं. मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. एक लिहिते. म्हटलं, "मला उतरवलंस म्हणालात. तुम्ही काय करत होतात? पोरीकडून बातम्या उतरवून मला वाचलंय म्हणून सांगत होतात."

ते म्हणाले, "हो."

"का?"

त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. मग शांतपणे म्हणाले, "डोळे धड होते तेव्हा एकाने ठेवून घेतलं नाही. तू ठेवलंस, ते रागाने ठेवलंस. रागाने ठेवलेल्या माणसाने आणखी काय काय मागायचं?"

मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. ते स्टूल भिंतीला होतं. मी ते तासभर मधे ठेवलं होतं, मुद्दाम.

२४ सप्टेंबर, मंगळवार

अर्धा दिवस रजा टाकून डोळ्यांच्या दवाखान्यात. डॉक्टरीणबाईंनी दोन तास तपासलं. काचबिंदू. उजवा डोळा गेला. डाव्यात मधोमध बोटभर भोकातून दिसावं तेवढं, तेही धूसर. गेलेलं येणार नाही. आहे तेवढं टिकवायला सकाळ-संध्याकाळ आठाच्या ठोक्याला थेंब, जन्मभर.

"सात-आठ महिने आधी का नाही आणलंत?" त्यांनी मला विचारलं, बाबांना नाही.

मी म्हणणार होते, मला माहीत नव्हतं. म्हणता आलं नाही. एकाच घरात राहतो. स्टूल, दिवा, जिन्यातली शिलाईवाली, खिडकीकडचं तोंड. बिंदू सगळे समोर होते, मी रेष मारली नाही.

बाहेर आल्यावर रस्ता ओलांडायला त्यांचा दंड धरला. दोन वर्षांत पहिल्यांदा. केवढा बारीक झालाय. संताप कुणावर काढावा ते कळेना, म्हणून रिक्षावाल्याशी भांडले.

२५ सप्टेंबर, बुधवार

धाकट्याला फोन केला. म्हणाला, "अरेरे." मग म्हणाला, "तिकडे चांगल्या सोयीच्या संस्था असतील ना, अशा लोकांसाठी?"

अशा लोकांसाठी. मी म्हटलं, "तुला दोन शिकवण्या लावल्या होत्या, आठवतं? त्या लावणारे लोक आहेत हे." फोन ठेवला. पुन्हा आला, उचलला नाही.

बाबा आतून म्हणाले, "त्याच्यावर कशाला चिडतेस."

म्हटलं, "तुम्ही मधे पडू नका. तुमच्यावरचा अजून शिल्लक आहे."

लेकीशीही दोन दिवस धड बोलले नव्हते. आज वेणी घालताना तिला म्हटलं, मोठ्यांनी शपथ घातली तरी असली गोष्ट आईपासून लपवायची नाही. ती म्हणाली, "तू तेव्हा त्यांच्याशी बोलत नव्हतीस. सांगितलं असतं तर आणखी चिडली असतीस." वेणी जरा घट्टच ओढली गेली.

सकाळी सहाला बसतोच आहोत. आता दिवा माझ्यापुरता लावते.

३० सप्टेंबर, सोमवार

परीक्षा झाली. कोपऱ्यातलं अक्षर आधी बघितलं. 'ब'. शेजारी पॉलिशवाली होती, तिचा 'अ'. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो, आणि मग तीन तास मान वर केली नाही. शेवटचं गणित सुटलं नाही. बाकी वाटतं बरी गेली. वाटण्यावर काय असतं.

३ ऑक्टोबर, गुरुवार

पॉलिशवाली सेहेचाळीस. मी एक्केचाळीस. स्प्रेवाला अकरा.

सरांनी माझा कागद देताना काही टोमणा मारला नाही. म्हणाले, "प्रत्येक पायरी लिहिलीत." मला टोमणा चालला असता. एक्केचाळीस म्हणजे पॅकिंग.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी कारखान्यात जाऊन करवतीपाशी गेलेच नाही, सरळ मालकीणबाईंच्या खोलीत. त्या फोनवर होत्या, तशीच उभी राहिले. फोन ठेवल्यावर म्हटलं, "खोकी चिकटवणार नाही."

"ठरलं होतं तसं ठरलंय," त्या म्हणाल्या. "मार्क तिचे जास्त आहेत."

"आहेत. आकडे ती माझ्यापेक्षा चांगले घालेल. पण आकडा बरोबर घालून फळी उलटी लावली तर काय होईल? कुठल्या प्लायला पोट आलंय, कुठली दमट आहे, लाकडाची रेषा कुठल्या अंगाने गेली की कड फुटते, हे मशीनला कळत नाही. तिलाही नाही. मला कळतं. चौदा वर्षांत मी फळ्या किती वाया घालवल्या ते बघा, आणि मग मला चिकटपट्टी द्या."

आवाज चढला होता. बाहेर दोघेतिघे थांबून ऐकत होते. मालकीणबाई पेन आपटत बसल्या. शेवटी पॉलिशवालीला बोलावलं आणि विचारलं, "हिच्याबरोबर काम करशील?"

ती म्हणाली, "ताई नसतील तर मी ते मशीन चालू करणार नाही. मला फळीची भीती वाटते."

तर असं ठरलं. ती बटणांपाशी, मी फळीपाशी. तीन महिने. मग बघू. पगार आहे तोच, मशीनचा वाढीव तिलाच. हे न्यायाचं आहे का? मला तरी वाटत नाही. पण पॅकिंग नाही.

सुटल्यावर पॉलिशवाली म्हणाली, "चढ मला अजून नीट कळलेला नाही, नुसतं सूत्र पाठ आहे. समजावाल?" सेहेचाळीस मार्कांची पोरगी. मी तिला गेटापाशी उभं केलं आणि सांगितलं, इथून पाच पावलं पुढे जा.

६ ऑक्टोबर, रविवार

आज विचारलं.

परीक्षा संपली तरी दोघंही सहाला उठलो. सवय. वही नव्हती. चहा झाला. लेक झोपलेली. मी म्हटलं, "बाबा, मला शाळेतून का काढलंत?"

"गणितात चार मार्क—"

"ते नका सांगू. धाकटा दोनदा बसला."

ते खिडकीकडे वळले. मग बहुतेक लक्षात आलं असावं की आता त्याची गरज नाही. परत माझ्याकडे वळले.

"पुन्हा बसवायचा अर्ज आणला होता मी," म्हणाले. "तुझ्या आईने आणायला लावला. कचेरीतल्या टेबलाच्या खणात ठेवला. मोजणीवर गेलो, तारीख गेली. आई भांडली. मी म्हटलं, पुरे झालं."

"तारीख गेली म्हणून?"

"नाही. मुलाचा असता तर खणात ठेवला नसता."

मी वाट बघत होते. आणखी काही असेल. पैशाची अडचण, कुणाचा सल्ला, आजारपण, काहीतरी. चोवीस वर्षं मी स्वतःच त्यांच्यासाठी कारणं शोधून ठेवली होती, एकेक तपासून टाकून दिली होती.

"आणि?"

"आणि काही नाही. विचारच केला नव्हता. आता कारण म्हणून काही सांगितलं तर ते रचलेलं असेल."

थोड्या वेळाने म्हणाले, "त्या रविवारी तू दोन रेषांचा छेद काढलास. माझ्या हाताखाली बारा पोरं तयार झाली. पंधरवड्यात तिथवर कुणी आलं नव्हतं."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. मी उठले, स्वयंपाकघरात गेले आणि सकाळची सगळी भांडी घासली, घासलेलीसुद्धा. एवढा राग मला ते गप्प होते तेव्हा आला नव्हता. गप्प माणसाबद्दल काही तरी समजून घेता येतं. खण, अर्ज, आणि वर ठेवलेल्या फायली. तो अर्ज कदाचित त्यांच्या निवृत्तीपर्यंत तिथेच असेल.

दिवसभर बोलले नाही. तेही नाहीत. लेक दोघांच्या तोंडाकडे बघत जेवली. तिलाही काही सांगितलं नाही, पण एक दिवस सांगणार आहे. सगळं, खणासकट.

संध्याकाळी आठ वाजता बाटली घेऊन आत गेले. ते खुर्चीवर मान मागे टाकून तयारच बसले होते, कुणी येईल याची खात्री असल्यासारखे. त्या खात्रीचाही राग आला. दिव्याखाली मी त्यांची डावी पापणी बोटाने खाली ओढली. राग होता तसाच होता. थेंब बरोबर मधे पडला.

"पडला," ते म्हणाले आणि उठायला लागले.

उजव्यात आता वाचवण्यासारखं काही उरलेलं नाही. तरी डॉक्टरीणबाईंनी दोन्हींत घालायला सांगितलंय, दुखू नये म्हणून.

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना पुन्हा खाली बसवलं. म्हटलं, "थांबा. दुसरा राहिलाय."